केडंबे येथील स्मारकात तुकाराम ओंबळे यांचे सगळे आयुष्य असावे

प्रति,
गृह विभाग, महाराष्ट्र शासन,
जिल्हा प्रशासन, सातारा,
आणि केडंबे (ता. जावळी) येथील ग्रामसभा

सविनय नमस्कार.

हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या जन्मगावी, केडंबे येथे स्मारक उभारण्यासाठी राज्य शासनाने २०२५ साली १३ कोटी ४६ लाख रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि पहिला हप्ता म्हणून २ कोटी ७० लाख रुपये मंजूर केले, याचा मला मनापासून आनंद झाला. माझे वडील लष्करातून निवृत्त होऊन पोलीस दलात दाखल झालेल्या माणसांपैकी एक होते, त्यामुळे या बातमीकडे मी एखाद्या त्रयस्थाप्रमाणे पाहू शकत नाही. स्मारकाची वास्तू कशी असावी, दगड कोणता वापरावा हे ठरवण्यास वास्तुविशारद आणि अभियंते समर्थ आहेत. मला लिहायचे आहे ते त्या वास्तूच्या आत काय असावे याविषयी. तेथे येणाऱ्या शाळकरी मुलाला ओंबळे यांच्या आयुष्यातील एकच रात्र दिसावी, की त्या रात्रीपर्यंत पोहोचलेला सगळा माणूस दिसावा, हा प्रश्न मजकूर कोरण्याआधीच सोडवावा लागेल.

ती रात्र महाराष्ट्राला पाठ आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालयाच्या परिसरात रक्तपात करून अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोन दहशतवादी पळवलेल्या स्कोडा मोटारीतून मरीन ड्राइव्हमार्गे गिरगाव चौपाटीकडे निघाले. बिनतारी यंत्रणेवरून त्या मोटारीची खबर पुढे गेली होती आणि चौपाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी नाकाबंदी लावली होती. मोटार अडथळ्यांच्या अलीकडेच थांबली, वळून निसटू पाहताना दुभाजकात अडकली आणि गोळीबार सुरू झाला. त्यात इस्माईल खान मारला गेला. कसाब मोटारीतून बाहेर आला, तेव्हा सहायक पोलीस उपनिरीक्षक ओंबळे यांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांनी एके-४७ ची नळी आपल्या हातांनी धरली आणि गोळ्या अंगात शिरत असतानाही ती सोडली नाही. समोरून येणाऱ्या गोळ्यांपासून माणूस स्वभावतःच दूर होतो. येथे त्यांचे शरीर बंदूक आणि मागचे सहकारी यांच्या मध्ये उभे राहिले आणि सहकाऱ्यांना कसाबवर झडप घालण्यापुरता वेळ मिळाला.

त्या थोड्या वेळाचे मोल पुढच्या चार वर्षांत कळले. हल्लेखोरांजवळ बनावट भारतीय ओळखपत्रे होती. दहाच्या दहा जण मारले गेले असते, तर ते कोण आणि कोठून आले याविषयी किती खोटे पसरवले गेले असते याची कल्पना करवत नाही. जिवंत हाती लागलेल्या एका माणसामुळे कराचीपासून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंतचा माग न्यायालयासमोर मांडता आला. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयाने ६ मे २०१० रोजी कसाबला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. १६६ निरपराध माणसांच्या हत्येचा खटला पुराव्यानिशी, बचावाच्या वकिलासह, अपिलाच्या प्रत्येक पायरीवरून चालला. संतापलेल्या शहराने सूड न घेता न्याय मागितला, आणि तो मागता आला याचे फार मोठे श्रेय चौपाटीवर पडलेल्या एका सहायक फौजदाराकडे जाते. माझी पहिली विनंती अशी की, स्मारकात हा न्यायालयीन भाग सविस्तर यावा. ओंबळे यांनी काय केले एवढे सांगून थांबू नये, त्यातून देशाला काय मिळाले तेही मुलांना कळावे.

त्याच मजकुरात नाकाबंदीवरील इतर पोलिसांची नावेही असावीत. संजय गोविलकर त्या झटापटीत गोळी लागून जखमी झाले, हेमंत बावधनकर आणि भास्कर कदम यांनी इस्माईल खानवर गोळ्या झाडल्या आणि कित्येक शिपाई हातातल्या लाठ्यांनिशी पुढे धावले. ओंबळे एकटे लढले असे चित्र रंगवल्याने त्यांचे मोठेपण वाढत नाही. नळी धरून ठेवण्याला अर्थ आला तो मागचे सहकारी पुढे आले म्हणून, आणि ते पुढे येतील हा भरवसा असल्याशिवाय कोणी नळी धरत नाही.

एक गोष्ट टाळावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या शरीरात किती गोळ्या शिरल्या याचे वेगवेगळे आकडे गेली अनेक वर्षे भाषणांत आणि समाजमाध्यमांवरील संदेशांत फिरत आहेत. कोणी तेवीस म्हणते, कोणी चाळीस. हा आकडा जितका मोठा तितके शौर्य मोठे, असा काहीसा समज त्यामागे असावा. वैद्यकीय आणि न्यायालयीन कागदांत जे नोंदले आहे तेवढेच दगडावर कोरावे, आणि खरे सांगायचे तर तेही कोरण्याची गरज मला वाटत नाही. ज्या घरातील माणूस गेला त्या घरच्यांनी प्रत्येक भेटीत तो आकडा का वाचावा?

ओंबळे यांचे स्मरण झाले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले, गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे, आणि ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला २०२१ साली संशोधकांनी त्यांच्या नावावरून 'आयशियस तुकारामी' असे नाव दिले. (जगाच्या शास्त्रीय सूचीत जावळी खोऱ्यातील एका पोलिसाचे नाव कायमचे गेले, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते, आणि ती केडंब्याच्या स्मारकात चित्रासह असायला हवी.) मात्र हे सगळे स्मरण त्या एका रात्रीचे आहे. त्याआधी ते सैनिक होते हे पुष्कळांना ठाऊकच नाही.

ते भारतीय लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये होते आणि नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर १९९१ साली मुंबई पोलीस दलात दाखल झाले. सिग्नलचा जवान छायाचित्रांत फारसा दिसत नाही. तारा टाकणे, तुटलेली तार रात्री-अपरात्री जोडणे, बिनतारी संच चालू ठेवणे आणि निरोप जसाच्या तसा, वेळेत पुढे पोहोचवणे हे त्याचे काम असते. पुढची तुकडी त्याच्या निरोपावर विसंबून असते आणि तो निरोप पोहोचला, तर त्याचे नावही कोणी घेत नाही. चौपाटीवरील नाकाबंदी बिनतारी संदेशावर उभी राहिली होती, आणि तिथे उभ्या असलेल्यांमध्ये आयुष्याचा मोठा भाग संदेशवहनात घालवलेला एक जुना सैनिक होता, हा योगायोग असेल, तरी स्मारकाच्या भिंतीवर त्याची नोंद व्हावी असे मला वाटते. त्यांच्या लष्करी सेवेची कागदपत्रे सिग्नल कोअरच्या अभिलेख कार्यालयातून रीतसर मागवता येतील आणि सातारा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यासाठी पत्रव्यवहार करू शकेल. कोणत्या तुकड्यांत, कोणत्या ठाण्यांवर, कोणत्या काळात त्यांनी सेवा केली, हे एका नकाशावर दाखवले तर केडंब्याहून निघालेला एक तरुण किती दूरवर जाऊन आला, हे गावातल्या मुलांना एका दृष्टिक्षेपात दिसेल.

पोलीस दलातील वर्षांचेही तसेच आहे. १९९१ ते २००८ हा मुंबईच्या इतिहासातील फार कठीण काळ होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, २६ जुलै २००५ चा प्रलय आणि ११ जुलै २००६ चे लोकलमधील स्फोट, या प्रत्येक वेळी मुंबई पोलिसांतील साधी माणसे रस्त्यावर होती. ओंबळे यांच्या नेमणुका त्यांच्या सेवापुस्तकात नोंदलेल्या असणार. त्या तेथून काढून, त्यांच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त सहकाऱ्यांना बोलावून, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम लवकर व्हायला हवे, कारण ती माणसे आता उतारवयात आहेत आणि आठवणी कोणासाठी थांबत नाहीत.

येथे दोन नोकऱ्या करणाऱ्या या माणसांविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. लष्करातून शिपाई किंवा नाईक म्हणून निवृत्त होणारा जवान चाळिशीच्या आगेमागे घरी येतो. त्या वेळी मुलांच्या शाळा ऐन मध्यात असतात, आईवडील थकलेले असतात, गावाकडच्या शेताचे तुकडे झालेले असतात आणि पेन्शन पुरत नाही. शासनाच्या गट क आणि ड मधील भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यातून पुष्कळजण पोलीस दलात येतात. तेथे ते पुन्हा तळापासून सुरुवात करतात; वयाने मुलासारख्या असलेल्या अधिकाऱ्याला सलाम करतात. हे सगळे बहुतेक वेळा घरासाठी केलेले असते, आणि नोकरीच्या स्वरूपामुळे तेच घर त्यांना कमीत कमी मिळते.

माझ्या वडिलांची काळी लोखंडी ट्रंक पोलीस वसाहतीतल्या आमच्या खोलीत पलंगाखाली होती. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा लष्करी क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. कडा झिजल्या होत्या, पण अक्षरे दरवर्षी दसऱ्याला ते बारीक कुंचल्याने पुन्हा गिरवत. ट्रंकेत गणवेश नव्हता. त्यात आम्हा भावंडांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या, गावच्या घराची कर भरल्याची पावती आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत पदके होती. वसाहतीत गणपती बसत, पण आमच्या घरात आरतीला वडील असल्याचे मला आठवत नाही, कारण त्या दहा दिवसांत ते बंदोबस्ताला असत आणि अनंत चतुर्दशीनंतर घरी आले की पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसत. आई तेव्हा त्यांना काही विचारत नसे. आम्ही प्रगतिपुस्तक घेऊन जवळ गेलो की ते आधी हात पुसत आणि मग एकेका विषयाचे गुण मोठ्याने वाचत. त्यांनी आमच्यावरचे प्रेम शब्दांत कधी सांगितले नाही आणि आम्हाला ते सांगावे लागलेही नाही.

हे मी माझ्या घराची हकीकत म्हणून लिहीत नाही. वरळीच्या पोलीस वसाहतीत, नायगावात, राज्य राखीव पोलीस दलाच्या गटांमध्ये अशी शेकडो घरे आहेत आणि ओंबळे यांचे घर त्यांपैकीच एक होते. पत्नी आणि चार मुली असा त्यांचा संसार होता. हल्ल्याच्या रात्री घरच्यांशी त्यांचे फोनवर बोलणे झाले होते, हे त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर वेळोवेळी सांगितले आहे. त्या फोनवर भाषण नव्हते. शहरात गोळीबार चालू असताना कामावर असलेला बाप घरी जे विचारतो, सांगतो, तेवढेच असणार. स्मारकात त्यांच्या शौर्याशेजारी या संसाराला जागा मिळावी, कारण ज्याला घरी परत जायचे आहे अशा माणसाने ती नळी धरली होती. घराची ओढ नसलेल्या, मरणाला उत्सुक असलेल्या वीराची प्रतिमा आपल्याकडे फार लवकर तयार होते. ती ओंबळे यांना लागू नाही आणि माझ्या ओळखीच्या एकाही माजी सैनिकाला लागू नाही.

कुटुंबाच्या बाबतीत मात्र फार जपून पावले टाकावीत. दरवर्षी २६ नोव्हेंबर जवळ आला की वाहिन्यांचे लोक हुतात्म्यांच्या घरी जातात आणि त्याच प्रश्नांची तीच उत्तरे पुन्हा मागतात. मुलींना बापाच्या मृत्यूचे वर्णन वर्षानुवर्षे करायला लावणे हे स्मरण नव्हे, आणि त्यांना काय बोलायचे, किती बोलायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे. स्मारकात लावायची छायाचित्रे, वस्तू, पत्रे यांतील काय द्यायचे आणि काय घरी ठेवायचे, हेही कुटुंबानेच ठरवावे. त्यांनी काहीच दिले नाही तरी चालेल. उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावरील खुर्च्या कशा मांडल्या जातात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिवशी वीरपत्नीची खुर्ची मधोमध असावी आणि हार घेण्यासाठी तिला उठून कोणाकडे जावे लागू नये, एवढी साधी दक्षता जिल्हा प्रशासनाने घ्यावी.

आता केडंबे ग्रामस्थांशी थोडे. जावळी हे डोंगराळ खोरे आहे. पाऊस भरपूर आणि शेती थोडी. या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामगार दिले, सैन्याला जवान दिले, पोलिसांना शिपाई दिले. आजही पहाटे मेढ्याच्या बाजूला रस्त्याकडेने मुले-मुली भरतीच्या तयारीसाठी धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्यासाठी मोजलेली, खड्डे नसलेली धावपट्टी त्यांच्याजवळ नसते. वाहनांचे दिवे चुकवत ती डांबरी रस्त्यावर धावतात. स्मारकाच्या आवारात अशी एक धावपट्टी, गोळाफेकीचे मैदान आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका असावी. पुतळ्याला हार वर्षातून एक-दोन वेळा पडतो. धावपट्टीवर रोज पहाटे पाय पडतील. तेथे तयारी करून भरती झालेल्या मुला-मुलींची नावे दरवर्षी अभ्यासिकेत लावावीत, आणि निवड न झालेल्यांनाही पुन्हा येऊन बसावेसे वाटेल अशी ती जागा असावी.

त्याच अभ्यासिकेत एक कपाट माजी सैनिक असलेल्या पोलिसांच्या नोंदींसाठी राखून ठेवावे, अशी माझी शासनाकडे विशेष मागणी आहे. सातारा जिल्ह्यातून लष्करात गेलेल्यांची परंपरा मोठी आहे. अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. मात्र लष्करानंतर पोलिसांत गेलेल्यांची दुसरी सेवा कोठेच एकत्र लिहिलेली नाही, कारण लष्कराची कागदपत्रे एका खात्यात राहतात आणि पोलिसांची दुसऱ्या. सैनिक कल्याण कार्यालय आणि पोलीस अधीक्षक कार्यालय यांनी मिळून ही यादी करावी. नाव, गाव, लष्करातील तुकडी, पोलीस दलातील नेमणुका आणि घरच्यांनी सांगितलेली एखादी आठवण, एवढे एका पानावर पुरेसे आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी हुतात्म्यांची नावे वाचली जातात. जे हुतात्मा झाले नाहीत, दोन्ही सेवा पुऱ्या करून गुडघेदुखी घेऊन गावी परतले आणि एके दिवशी शांतपणे गेले, त्यांची नावे कोठेच वाचली जात नाहीत. ओंबळे यांच्या नावाच्या वास्तूत त्यांना जागा मिळाली तर स्वतः ओंबळे यांना ते आवडले असते असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. मला ते योग्य वाटते, एवढेच मी म्हणते.

देखभालीचा प्रश्न अवघड आहे आणि तो आजच सोडवावा. बांधकामाचा निधी येतो, उद्घाटन होते, आणि मग वीजबिल कोणी भरायचे, पावसाळ्यात गळणारे छत कोणी दुरुस्त करायचे, ध्वनिमुद्रणाचे यंत्र बंद पडले तर कोणाला कळवायचे, यावर ग्रामपंचायत आणि खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. जावळीच्या पावसात दोन वर्षे दुर्लक्ष झाले तरी भिंतींना शेवाळ धरते. म्हणून बांधकामाच्या मंजुरीबरोबरच देखभालीसाठी वेगळी वार्षिक तरतूद, एक पगारी कर्मचारी आणि त्याच्यावर देखरेख करणारी समिती यांचा शासन निर्णय काढावा. कर्मचारी नेमताना त्या परिसरातील एखाद्या माजी सैनिकाला किंवा निवृत्त पोलिसाला प्राधान्य द्यावे. येणाऱ्यांना माहिती सांगायला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही आणि त्या पगाराची त्याच्या घराला गरजही असते.

या समितीवर ओंबळे कुटुंबातील एक व्यक्ती, गावातील एक स्त्री, सैनिक कल्याण कार्यालयाचा एक प्रतिनिधी आणि भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात त्या काळी काम केलेला एक निवृत्त पोलीस असावा. भिंतींवरील संपूर्ण मजकूर कोरण्यापूर्वी छापून ग्रामसभेत वाचून दाखवावा, त्यावर हरकती घेण्यास महिनाभराची मुदत द्यावी आणि कुटुंबाची लेखी संमती मिळाल्यावरच तो कारागिराच्या हाती सोपवावा. माझ्या वरील सूचनांपैकी एकही मान्य झाली नाही तरी ही शेवटची पद्धत पाळावी, अशी माझी तिन्ही यंत्रणांना हात जोडून विनंती आहे.

आपली नम्र,
एका माजी सैनिक पोलिसाची मुलगी